चित्रे कोणाची? डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयाची वाटचाल

डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने डेट्रॉईट शहराच्या प्रशासकाला एक अहवाल दिला. शहराच्या कलासंग्रहालयातल्या ज्या २,७८१ वस्तू पूर्णपणे किंवा अंशतः शहराच्या पैशातून घेतल्या होत्या, त्यांची किंमत त्यात मांडलेली होती. कमीत कमी ४५ कोटी ४० लाख डॉलर, जास्तीत जास्त ८६ कोटी ७० लाख. ब्रॉयगलच्या ‘लग्नातला नाच’ या चित्रापुढे १० ते २० कोटींचा आकडा होता. व्हॅन गॉगच्या गवती टोपीतल्या स्वचित्रापुढे ८ ते १५ कोटींचा. हे स्वचित्र शहराने १९२२ मध्ये ४,२०० डॉलरना घेतले होते. आता त्याच शहराच्या डोक्यावर सुमारे १,८०० कोटी डॉलरचे देणे होते आणि ते दिवाळखोरीच्या न्यायालयात उभे होते.

यातले एकही चित्र पुढे विकले गेले नाही. मात्र संग्रह शहराचाही राहिला नाही. सव्वाशे वर्षांत हे संग्रहालय आधी काही हौशी श्रीमंतांचे होते, मग शहराचे झाले आणि शेवटी शहराच्या हातातून सुटून एका विश्वस्त संस्थेकडे गेले. या काळात भिंतींवरची चित्रे फारशी हलली नाहीत, हलत राहिली ती मालकी. प्रत्येक वेळी ती हलण्याचे कारण एकच होते : दरसालचा खर्च कोणी करायचा?

चाळीस जणांचे हजार डॉलर

मोटारी येण्याच्या आधीचे डेट्रॉईट हे नदीकाठचे, लाकूड, तंबाखू आणि चुली-शेगड्यांच्या कारखान्यांवर जगणारे शहर होते. ‘इव्हनिंग न्यूज’ या तिथल्या स्वस्त आणि खपाच्या वर्तमानपत्राचे मालक जेम्स स्क्रिप्स १८८१ मध्ये कुटुंबासह युरोप फिरून आले आणि तिथल्या चित्रशाळांबद्दल त्यांनी आपल्या पत्रात लिहिले. त्याच पत्राच्या जाहिरात विभागाचे प्रमुख विल्यम ब्रिअर्ली यांनी ती आवड कामाला लावली. १८८३ मध्ये त्यांनी घरोघरच्या संग्रहांतून उसन्या आणलेल्या चित्रांचे आणि वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यासाठी खास इमारत उभारली होती. प्रदर्शनाला लोटलेली गर्दी पाहून कायमच्या संग्रहालयाची कल्पना धीट झाली. ब्रिअर्ली यांनी शहरातल्या चाळीस प्रतिष्ठितांना प्रत्येकी हजार डॉलर देण्याची गळ घातली. १८८५ मध्ये ‘डेट्रॉईट म्युझियम ऑफ आर्ट’ची रीतसर नोंदणी झाली आणि १८८८ मध्ये जेफरसन रस्त्यावर त्याची वास्तू उघडली. स्क्रिप्स यांनी १८८९ मध्ये जुन्या युरोपीय चित्रकारांची आपली चित्रे संग्रहालयाला देऊन टाकली.

संस्था खाजगी होती, पण येणारे लोक सगळ्या थरांतले होते. त्यामुळे शहर तिला दरवर्षी थोडेफार पैसे देऊ लागले. कागदोपत्री मंडळ खाजगी आणि तिजोरी निम्मी सरकारी, अशी ही व्यवस्था काही वर्षे निभावली. १९१५ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बोट ठेवले. खाजगी संस्थेला शहराने सार्वजनिक पैसा देता येणार नाही, असा निकाल आला. वाटा दोनच उरल्या : शहराचा पैसा सोडायचा, नाहीतर संस्थाच शहराच्या स्वाधीन करायची. संस्थेच्या धुरिणांनी दुसरी वाट धरली. १९१८ मध्ये शहराला नवी सनद मिळाली आणि पुढच्या वर्षी इमारत व संग्रह शहराच्या नावे झाला. कारभार महापौरांनी नेमलेल्या कला आयोगाकडे गेला आणि संस्थेचे नाव ‘डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स’ असे ठेवले गेले. जुने खाजगी मंडळ ‘फाउंडर्स सोसायटी’ या रूपाने देणग्या गोळा करत राहिले.

हा निर्णय पूर्ण शहाणपणाचा होता. वेगाने श्रीमंत होणाऱ्या शहरापेक्षा भक्कम आधार दुसरा कोणता मिळणार होता? ते शहर कधी कफल्लक होईल, ही शक्यता १९१९ मध्ये कोणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती.

पैसा होता आणि नजरही होती

विसाच्या दशकात मोटारींच्या पैशाने शहर फुगत होते. कला आयोगाचे अध्यक्ष राल्फ बूथ यांनी १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात व्हॅन गॉगचे ते स्वचित्र घेतले. अमेरिकेतल्या सार्वजनिक संग्रहालयात आलेले व्हॅन गॉगचे हे पहिले चित्र. मातीसचे ‘खिडकी’ हेही त्याच वर्षी आले आणि मातीसच्या बाबतीतही पहिला मान डेट्रॉईटलाच मिळाला. बॉस्टन-न्यूयॉर्कची जुनी संग्रहालये या चित्रकारांकडे अजून साशंकतेने पाहत असताना, नव्या पैशाच्या या गावाने आपला हात पुढे केला होता.

बूथ यांनी त्याहून मोठे काम केले ते विल्हेल्म व्हॅलेंटिनर यांना आणून. रेम्ब्रांचे जाणकार असलेले हे जर्मन विद्वान १९२४ मध्ये संचालक झाले आणि १९४५ पर्यंत राहिले. चित्रे एकीकडे, फर्निचर दुसरीकडे, भांडी तिसरीकडे अशी वाटणी त्यांनी मोडली. एका काळाची, एका संस्कृतीची चित्रे, शिल्पे, गालिचे आणि लाकूडकाम एका दालनात शेजारी नांदावे, अशी त्यांची मांडणी होती. तिला साजेशी वास्तू वास्तुरचनाकार पॉल क्रे यांनी वुडवर्ड रस्त्यावर उभारली. पांढऱ्या संगमरवराची ही इमारत ऑक्टोबर १९२७ मध्ये उघडली. ‘लग्नातला नाच’ १९३० मध्ये आले. तोवर शेअर बाजार कोसळला होता. ब्रॉयगलची मूळ चित्रे जगातच मोजकी, त्यामुळे त्या खरेदीचे मोल कलेच्या जाणकारांना तेव्हाही ठाऊक होते.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. या चित्रांची मालकी शहराची होती आणि यातली बरीचशी खरेदी करदात्यांच्या पैशातून झाली होती. अमेरिकेतली बहुतेक मोठी कलासंग्रहालये खाजगी विश्वस्त मंडळांच्या मालकीची आहेत. संग्रह थेट महापालिकेच्या नावावर असणारे डेट्रॉईट हे मोजक्या मोठ्या अपवादांपैकी एक होते. कामगाराला आणि कारखानदाराला या चित्रांवर सारखाच हक्क होता, आणि हीच त्या शहराची शान होती. पुढे सावकारांनी बोट ठेवले ते नेमके याच वैशिष्ट्यावर.

रिवेराच्या भिंती

मंदीचा पहिला मोठा घाव मोटारींच्या शहरावर बसला. मार्च १९३२ मध्ये बेकार कामगारांचा मोर्चा फोर्डच्या रूज कारखान्यावर गेला. पोलिसांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. पुढच्याच महिन्यात दिएगो रिवेरा आणि त्याची पत्नी फ्रीडा काहलो डेट्रॉईटमध्ये पोहोचले. संग्रहालयातल्या मधल्या चौकाच्या भिंती रंगवण्यासाठी व्हॅलेंटिनर यांनी रिवेरा या मेक्सिकन कम्युनिस्ट चित्रकाराला बोलावले होते. पैसे देणार होते एडसेल फोर्ड. म्हणजे ज्या कारखान्याच्या दारात गोळीबार झाला, त्या कंपनीचे अध्यक्ष आणि कला आयोगाचेही अध्यक्ष.

रिवेराने रूज कारखान्यात आठवडेच्या आठवडे घालवले, रेखाटने केली आणि जुलै १९३२ ते मार्च १९३३ या काळात चारही भिंतींवर २७ चित्रफलक रंगवले. उत्तरेच्या भिंतीवर व्ही-८ इंजिन घडते, दक्षिणेच्या भिंतीवर मोटारीचा सांगाडा तयार होतो. भट्ट्या, पट्टे, यंत्रे आणि त्यांच्यात गुंतलेली, पाठी वाकलेली माणसे. मालकांना त्यात आपल्या उद्योगाचे वैभव दिसले आणि कामगारांना आपले श्रम. चित्रे खुली होताच गदारोळ झाला. बाळाला लस टोचण्याच्या फलकात काही धर्मगुरूंना ख्रिस्तजन्माची थट्टा दिसली, काही वर्तमानपत्रांना सगळ्याच भिंतींवर कम्युनिझम दिसला. भिंतींना चुना फासा, अशी मागणी झाली. एडसेल फोर्ड रिवेराच्या पाठीशी उभे राहिले, लोक रांगा लावून पाहायला आले आणि भिंती टिकल्या.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये रिवेराने चित्रात लेनिन काढला. मे महिन्यात ते चित्र झाकले गेले आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये फोडून टाकण्यात आले. चित्रकार एकच होता, काळ एकच होता. तिथली भिंत खाजगी मालकाची होती, इथली शहराची. १९५० च्या दशकात, कम्युनिस्टांचा शोध घेण्याची लाट आली तेव्हा, संग्रहालयाने चौकात एक फलक लावला. रिवेराचे राजकारण निंद्य आहे, पण त्याची कला थोर आहे, असा त्याचा मथितार्थ होता. फलक लागला आणि चित्रे राहिली.

रिवेरा रंगवत होता त्याच दिवसांत शहराचा खजिना रिकामा होत होता. संग्रहालयाची खरेदी थांबली. काही कर्मचाऱ्यांचे पगार एडसेल फोर्ड स्वतःच्या खिशातून देत होते. १९३३ मध्ये डेट्रॉईटने रोख्यांचे हप्ते थकवले. त्या थकबाकीतही संग्रह विक्रीला निघाला नाही. १९३६ मध्ये एडसेल यांनी २५,००० डॉलर घालून एक धर्मादाय संस्था सुरू केली. तिचे नाव फोर्ड फाउंडेशन. ती या कथेत अठ्ठ्याहत्तर वर्षांनी परत येईल.

ओसरते शहर, वाढती वास्तू

१९५० मध्ये डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०१० मध्ये ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. मधल्या साठ वर्षांत कारखाने उपनगरांत आणि परराज्यांत गेले. नव्या महामार्गांनी जुन्या वस्त्या चिरल्या. गोऱ्या कुटुंबांनी शहर सोडले, आणि १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे गेल्यानंतर ही गळती अधिकच वाढली. कर भरणारे गेले. रस्ते, दिवे, नळ आणि निवृत्तांची पेन्शन मात्र साडेअठरा लाखांच्या मापाची राहिली.

संग्रहालय या काळात वाढतच होते. १९६६ मध्ये दक्षिणेचा भाग जोडला गेला, १९७१ मध्ये उत्तरेचा. पण १९७५ मध्ये पैशांअभावी दारे काही आठवडे बंद ठेवावी लागली. राज्य सरकारने हात दिला आणि पुढची पंधरा वर्षे राज्याचे अनुदान हाच मुख्य आधार ठरला. १९९० नंतर गव्हर्नर जॉन एंग्लर यांनी त्याला मोठी कात्री लावली. कर्मचारी कमी झाले, दालने आळीपाळीने उघडी ठेवण्याची वेळ आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शहराने करार करून कारभार फाउंडर्स सोसायटीकडे, म्हणजे ना-नफा संस्थेकडे सोपवला. इमारत आणि चित्रे शहराचीच राहिली, ती चालवण्याची जबाबदारी आणि देणग्यांसाठीची वणवण संस्थेच्या वाट्याला आली. संग्रहालयाची दोन तोंडे तेव्हापासून दोन दिशांना होती : हक्क एकाकडे, खर्च दुसऱ्याकडे.

नोव्हेंबर २००७ मध्ये १५ कोटी ८० लाख डॉलर खर्चून नव्याने सजलेले संग्रहालय उघडले. वर्षभरात जगभरची बँकिंग व्यवस्था कोसळली आणि २००९ मध्ये जनरल मोटर्स व क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या. त्याच वर्षी संग्रहालयात पुन्हा कर्मचारी कपात झाली. इमारत झगझगीत होती आणि वीजबिल भरायची पंचाईत होती.

तीन काउंट्यांची वर्गणी

संचालक ग्रॅहम बील आणि त्यांच्या मंडळाने मग शहराच्या हद्दीबाहेर पाहिले. वेन, ओकलंड आणि मॅकम्ब या तीन काउंट्या, म्हणजे साधारण आपल्याकडचे जिल्हे. पैसे तिथे होते, प्रेक्षक तिथले होते, फक्त मालकी तिथली नव्हती. ७ ऑगस्ट २०१२ रोजी या तिन्ही ठिकाणी मतदान झाले. मागणी होती दहा वर्षांसाठी करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे २० सेंट जादा मालमत्ता कराची. दीड लाखाच्या घरावर, करपात्र मूल्य किमतीच्या निम्मे धरून, हा कर वर्षाला १५ डॉलर पडत होता. त्याबदल्यात तिन्ही काउंट्यांच्या रहिवाशांना प्रवेश मोफत. तिन्ही ठिकाणी कौल मिळाला, मॅकम्बमध्ये अगदी काठावर. वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरची सोय झाली. ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांत मोटार उद्योगातल्या नोकऱ्यांनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही तेव्हापासून या संग्रहालयाची वर्गणीदार झाली. त्यांच्या घरपट्टीत ब्रॉयगलचा वाटा आला.

खर्चाचा प्रश्न सुटला असे वाटले तेव्हा मालकीचा प्रश्न उभा राहिला.

प्रशासक आणि सावकार

मार्च २०१३ मध्ये गव्हर्नर रिक स्नायडर यांनी डेट्रॉईटवर ‘इमर्जन्सी मॅनेजर’ नेमला. निवडून आलेल्या महापालिकेच्या डोक्यावर बसणारा प्रशासक आपल्या वाचकांना अनोळखी नाही. नेमले गेलेले केविन ऑर हे दिवाळखोरीच्या कायद्यातले निष्णात वकील होते. शहराची विकण्याजोगी, भाड्याने देण्याजोगी संपत्ती कोणती, याची मोजदाद सुरू झाली. नदीतले बेल आयल हे बेट, पाणीपुरवठा, वाहनतळ, कॅनडाकडे जाणारा बोगदा, इतिहास संग्रहालयाच्या जुन्या मोटारी. मे महिन्यात बातमी फुटली की यादीत चित्रेही आहेत. शहरात आणि शहराबाहेर एकच ओरड झाली.

१८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉईटने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. अमेरिकेच्या इतिहासातली ही तोवरची सर्वांत मोठी नागरी दिवाळखोरी होती. सावकारांच्या रांगेत सिन्कोरा आणि एफजीआयसी या रोखे-विमा कंपन्या सर्वांत आक्रमक होत्या. त्यामागे एक जुना व्यवहार होता. २००५-०६ मध्ये महापौर क्वामे किलपॅट्रिक यांच्या काळात पेन्शन निधीतली तूट भरण्यासाठी शहराने सुमारे १४० कोटी डॉलर कर्ज उभारले. त्याला व्याजदराच्या सौद्यांची जोड दिली होती. २००८ नंतर व्याजदर खाली गेले आणि ते सौदे शहराच्या अंगावर उलटले. या कर्जाचा विमा या कंपन्यांनी उतरवला होता. त्यांचे म्हणणे साधे होते : ज्याच्या घरात ब्रॉयगल आहे, त्याने ‘देण्यास काही नाही’ असे म्हणू नये.

या म्हणण्यात कायद्याच्या दोन अडचणी होत्या. नगरपालिकेच्या दिवाळखोरीत न्यायालय शहराला मालमत्ता विकायला भाग पाडू शकत नाही. शिवाय राज्याचे महाधिवक्ता बिल शूटी यांनी जूनमध्येच मत दिले होते की हा संग्रह लोकांसाठी विश्वस्त म्हणून राखलेला आहे, देण्याघेण्यासाठी तो वापरता येणार नाही. पण शहराने फेडीचा जो आराखडा द्यायचा, तो सावकारांच्या दृष्टीने रास्त असायला हवा होता, आणि तिथे चित्रांचा विषय टाळता येत नव्हता. चित्रे तारण ठेवून मोठे कर्ज देण्याचे प्रस्तावही आले.

दुसऱ्या बाजूला पेन्शनर होते. ग्रंथपाल, सफाई कामगार, बसचालक, अग्निशामक, पोलीस. सामान्य कर्मचाऱ्याची सरासरी पेन्शन वर्षाला १९,००० डॉलरच्या आसपास होती. आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात तिच्यात ३४ टक्क्यांपर्यंत कपात सुचवली होती. आयुष्यभर शहराचे दिवे लावणाऱ्या माणसाने औषधे सोडायची आणि व्हॅन गॉग भिंतीवर राहायचा, हे कोणत्या न्यायाने? प्रश्न बोचणारा होता आणि तो विचारणाऱ्यांना कलेचे वैरी म्हणून झटकून टाकता येत नव्हते.

त्याचे उत्तर भावनेत सापडत नाही, हिशेबात सापडते. न्यायाधीश स्टीव्हन रोड्स यांनी डिसेंबर २०१३ च्या निकालात दाखवून दिले की एकदाच हाती येणाऱ्या पैशाने दरसालची तूट भरत नाही, आपत्ती फक्त लांबते. दागिने मोडून किराणा भरला, तरी पुढच्या महिन्यात किराण्याचे बिल येतेच. मुळात दागिन्यांची किंमतही घाईत मिळत नाही. २०१४ मध्ये आर्टवेस्ट या सल्लागार कंपनीने साऱ्या संग्रहाची किंमत २८० ते ४६० कोटी डॉलर काढली. पण घाईने विकायला काढला, तर हाती ११० ते १८० कोटीच येतील, असेही सांगितले. एवढी चित्रे एकदम बाजारात आली तर बाजारच पडणार होता. दाव्यांमध्ये काही वर्षे गेली असती. आणि चित्रे विकली तर मालमत्ता कर थांबवण्याचा इशारा काउंट्यांनी दिला होता. म्हणजे चित्रे जाणार आणि वर्षाचे २ कोटी ३० लाखही जाणार.

मोठा सौदा

मध्यस्थीचे काम मुख्य जिल्हा न्यायाधीश जेराल्ड रोझेन यांच्याकडे होते. पेन्शनर आणि चित्रे एकमेकांचे शत्रू म्हणून उभे आहेत, तर दोघांना वाचवणारा पैसा एकाच दाराने आणता येईल का, असा विचार त्यांनी मांडला. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी मोठ्या धर्मादाय संस्थांच्या प्रमुखांना बोलावले. संस्था साशंक होत्या : शहराची कर्जे फेडणे हे आमचे काम नव्हे, उद्या दुसरे शहर दारात येईल. तरी जानेवारी २०१४ मध्ये पहिली घोषणा झाली आणि अखेरीस आकडा ३६ कोटी ६० लाखांवर गेला. यातले साडेबारा कोटी डॉलर फोर्ड फाउंडेशनचे होते, १० कोटी क्रेस्गे फाउंडेशनचे. एडसेल फोर्ड यांनी मंदीत सुरू केलेली संस्था १९५३ मध्येच न्यूयॉर्कला गेली होती आणि जन्मगावाशी तिचे नाते क्षीण झाले होते. आता ती एडसेल यांच्याच संग्रहालयासाठी परतली.

संग्रहालयाने स्वतः १० कोटी उभारण्याचे कबूल केले. त्यात फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांचे मिळून २ कोटी ६० लाख होते. यातल्या दोन कंपन्यांना पाचच वर्षांपूर्वी सरकारी पैशाने तारले होते. मिशिगनच्या विधिमंडळाने १९ कोटी ५० लाख मंजूर केले. शहराबाहेरच्या, डेट्रॉईटविषयी फारसे ममत्व नसलेल्या आमदारांनाही त्यासाठी राजी करावे लागले. भविष्यात मिळणारे हप्ते धरून बेरीज सुमारे ८१ कोटी ६० लाख डॉलरपर्यंत गेली. सगळा पैसा पेन्शन निधीत जाणार आणि बदल्यात शहराने संग्रहाची मालकी ना-नफा संस्थेकडे सोपवायची, तीही कायमच्या विश्वस्त भूमिकेत. ‘ग्रँड बार्गेन’ या नावाने ओळखला गेलेला सौदा तो हाच.

सौदा पक्का होण्यासाठी पेन्शनरांची संमती आणि खटले मागे घेणे ही अट होती. जुलै २०१४ मध्ये मतमोजणी झाली. पोलीस आणि अग्निशामक गटात ८२ टक्के, सामान्य कर्मचाऱ्यांत ७३ टक्के मते बाजूने पडली. सामान्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला साडेचार टक्के कात्री लागली आणि महागाईनुसार होणारी वाढ बंद झाली. पोलीस-अग्निशामकांची मूळ पेन्शन वाचली, वाढ अर्ध्याहून खाली आली. आरोग्यविम्याचे लाभ मात्र सर्वांचेच मोठ्या प्रमाणात गेले. या सौद्याचा गौरव करताना हे वाक्य गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल : भिंतीवर राहिलेल्या चित्रांची काही किंमत म्हाताऱ्या माणसांनी औषधांच्या दुकानात मोजली.

७ नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायाधीश रोड्स यांनी आराखडा मान्य केला. चित्रे विकणे म्हणजे शहराचे भविष्य गमावणे, असे त्यांनी निकालात नोंदवले. १० डिसेंबरला डेट्रॉईट दिवाळखोरीतून बाहेर पडले.

जे विकले नाही, पण गेले

चित्रांच्या कथेत बाकीच्या गोष्टी झाकल्या जातात. सिन्कोराला समजुतीखातर डेट्रॉईट-विंडसर बोगद्याच्या भाडेपट्ट्याची मुदतवाढ आणि एका वाहनतळाचा पट्टा मिळाला. एफजीआयसीला जो लुईस अरीनाची नदीकाठची जागा विकासासाठी मिळाली. त्या क्रीडागृहात तीन पिढ्यांनी आइस हॉकी पाहिली होती. पुढे ते पाडले गेले. पाणीपुरवठ्याची मोठी यंत्रणा चाळीस वर्षांच्या पट्ट्याने एका प्रादेशिक प्राधिकरणाकडे गेली, वर्षाला ५ कोटी डॉलर भाड्यावर. बेल आयल बेट तीस वर्षांसाठी राज्याकडे गेले आणि तिथे मोटार न्यायची तर राज्याचा पास लागू लागला. वाढदिवस, लग्नाआधीचे फोटो, रविवारची भाजलेली मक्याची कणसे असे सगळे ज्या बेटावर होत आले, त्याच्या दारात पास मागितला जाणे गावकऱ्यांना फार लागले. पण बेट स्वच्छ झाले, शौचालये दुरुस्त झाली, हेही त्याच गावकऱ्यांनी कबूल केले.

वारसा विकायचा की नाही, एवढाच प्रश्न असता तर या प्रत्येक व्यवहाराचे उत्तर सारखे आले असते. ते वेगवेगळे आले, कारण प्रत्येक ठिकाणी पुढे कोण जबाबदार राहणार, हे वेगळे ठरले. बेट आणि पाणी सार्वजनिक हातांतच राहिले. नदीकाठची जागा सावकाराकडे गेली आणि परत आली नाही.

मालक नसलेला संग्रह

आज संग्रहालयात सुमारे ६५,००० वस्तू आहेत आणि त्यातली एकही कोणाचे कर्ज फेडण्यासाठी विकता येत नाही. २०१५ मध्ये दिएगो आणि फ्रीडा यांच्या डेट्रॉईटमधल्या वर्षाचे मोठे प्रदर्शन झाले. २०१९ मध्ये ‘लग्नातला नाच’चा शास्त्रीय अभ्यास प्रेक्षकांपुढे मांडला गेला. २०२२ मध्ये व्हॅन गॉगच्या खरेदीची शंभरी साजरी झाली. शहराने पेन्शनच्या हप्त्यांची दहा वर्षांची सवलत वापरली, पुढचा खड्डा लक्षात घेऊन वेगळी गंगाजळीही साठवली आणि आता पुन्हा हप्ते सुरू केले आहेत.

तरी दोन गोष्टी तपासत राहण्याजोग्या आहेत. पहिली मालकीची. संग्रह आता सुरक्षित आहे तो शहराच्या हातातून काढून घेतल्यामुळे. नव्वदहून अधिक वर्षे डेट्रॉईटकर ज्याला आपले म्हणत होते, त्यावर त्यांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींचा अधिकार उरलेला नाही. तो विश्वस्तांकडे आहे. विकण्याचा धोका टळला, आणि जाब विचारण्याची वाट लांबली. ज्या शहरात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत, तिथे संग्रह कोणाच्या अभिरुचीने वाढणार, हा प्रश्न आता मतपेटीतून सोडवता येत नाही.

दुसरी खर्चाची. २०१२ मध्ये मतदारांना सांगितले होते की दहा वर्षांत कायम निधी उभारू आणि कराची गरज संपवू. दिवाळखोरीत देणगीदारांचा पैसा पेन्शनसाठी खर्ची पडला आणि तो निधी ठरल्याप्रमाणे उभा राहू शकला नाही. मार्च २०२० मध्ये, म्हणजे मुदतीच्या दोन वर्षे आधी, संग्रहालय पुन्हा मतदारांपुढे गेले. लोकांनी आणखी दहा वर्षांचा कर मान्य केला, पण दिलेला शब्द फिरवल्याची टीकाही झाली, आणि ती खोटी नव्हती.

विश्वस्त करारामुळे चित्रे भिंतीवर राहतील, याची हमी मिळाली आहे. दालनात दिवा लावण्याची, पहारेकऱ्याचा पगार देण्याची, शाळेच्या सहलीला बस पुरवण्याची हमी त्या करारात नाही. ती ट्रॉयमधल्या आणि मॅकम्बमधल्या घरांच्या कराच्या बिलात आहे, वर्षाला १५-२० डॉलरची. १९१५, १९७५ आणि २०१३ मध्ये जो प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आला, तो पुढच्या मतदानात पुन्हा येईल. तोवर संग्रहालयाने या तीन काउंट्यांतल्या माणसांना दरवर्षी काय दिले, यावर त्याचे उत्तर ठरेल.